अर्धवट दाढ दुसऱ्याच्या हाती देताना

मॅडम, स.न.वि.वि.

मी एका दंत महाविद्यालयात तीन वर्षांपासून शिकवते. वर्ष संपलं की आमचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आपापले पेशंट मागच्या बॅचला देऊन जातात. गेल्या वर्षी त्यात फार घोळ झाले. एका बाईंचं रूट कॅनल अर्धं राहिलं, नव्या विद्यार्थ्याने फोनच केला नाही, आणि त्या चार महिन्यांनी गालाला सूज घेऊन आल्या. त्यानंतर हँडओव्हर शिकवण्याची आणि त्याला गुण देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी एक तासाचं लेक्चर घेतलं, २५ मुद्द्यांची चेकलिस्ट केली, ती सोबत जोडते आहे. आता सगळ्यांना २५ पैकी २२-२३ गुण पडतात. तरीही नवे विद्यार्थी पेशंटला पहिल्यापासून सगळं विचारतात, एक्स-रे पुन्हा काढले जातात, पेशंट वैतागतात. वरिष्ठ सहकारी म्हणतात, ‘केसपेपर लिहिलाय ना? वाचता येत नाही का?’ माझं नेमकं कुठे चुकतंय?

– एक अधिव्याख्याती

सप्रेम नमस्कार.

तुमची चेकलिस्ट मी दोनदा वाचली. औषधांची ॲलर्जी, रक्तदाब, मधुमेह, चालू गोळ्या, दाताचा क्रमांक, झालेलं काम, राहिलेलं काम, पुढची तारीख, संमतीपत्र, शिक्षकांची सही. एकही मुद्दा वायफळ नाही. पण पंचवीसच्या पंचवीस मुद्दे देणाऱ्याने काय लिहिलं एवढंच तपासतात. घेणाऱ्याच्या डोक्यात काय उतरलं, हे विचारणारा एकही मुद्दा त्यात नाही. माझ्या मते तुमचं चुकतंय ते एवढंच, पण ते दुरुस्त करायला सव्विसावा मुद्दा घालून भागणार नाही. गुण देताना तुम्ही ज्या बाजूला उभ्या आहात, ती बाजूच बदलावी लागेल.

देणाऱ्याला आपण सगळं सांगितलं असं मनापासून वाटत असतं. सहा महिने हाताळलेला पेशंट आपल्यात इतका मुरलेला असतो की काय तोंडाने बोललो आणि काय नुसतंच मनात येऊन गेलं, हे आपलं आपल्याला कळत नाही. बालरोग विभागातल्या इंटर्न डॉक्टरांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ड्युटी सोपवणारा आणि घेणारा, दोघांनाही वेगवेगळं विचारलं होतं की या पेशंटबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती. देणाऱ्याच्या लेखी जी सर्वांत महत्त्वाची होती, ती ६० टक्के वेळा घेणाऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती. देणाऱ्यांना मात्र ती पोचली अशी खात्री होती. तुमचे विद्यार्थी बेफिकीर आहेत असं म्हणण्याआधी हा आकडा लक्षात ठेवा. नेकीने काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे घडलेलं आहे.

तुमच्या वरिष्ठ सहकाऱ्यांचा केसपेपरचा आग्रह अर्ध्यापुरता बरोबर आहे, हेही सांगते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ काल्पनिक पेशंटांची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे अशी पाच वेळा सोपवली गेली. नुसतं तोंडी सांगितलं तेव्हा शेवटी २.५ टक्के माहिती उरली. ऐकताना टिपून घेतलं तेव्हा ८५.५ टक्के, आणि छापील कागद हातात दिला तेव्हा ९९ टक्के. तेव्हा कागद हवाच, त्यावर वाद नको. पण कागद माहिती जपतो म्हणजे त्यातली आजची कळीची गोष्ट तो दाखवतो असं नाही. आणि जी गोष्ट लिहायचीच टाळली, ती तर कुठलाच कागद दाखवत नाही.

मी इंटर्न असतानाची गोष्ट आहे. वरच्या बॅचमधल्या एका मुलाकडून मला एक पेशंट मिळाले. पन्नाशीचे गृहस्थ, खालची डावी पहिली दाढ. केसपेपरवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: ॲक्सेस ओपनिंग झालं, बायोमेकॅनिकल प्रिपरेशन झालं, क्लोज्ड ड्रेसिंग दिलं, पुढच्या भेटीत ऑब्च्युरेशन. खाली शिक्षकांची सही. म्हणजे दात उघडून मुळांतले कॅनल साफ झाले, आता फक्त ते भरायचं राहिलंय, असं धरून मी बसले. हंगामी भरण काढलं, कॅनल धुतले, पहिली फाइल, म्हणजे कॅनल घासायची सुईसारखी बारीक कानस, घातली आणि मेझिओ-बक्कल (पुढच्या, गालाकडच्या) कॅनलमध्ये ती एका जागी टक्कन अडली. बारीक फाइल घेतली, टोक किंचित वाकवून पाहिलं. तीच जागा, तोच कडक स्पर्श. एक्स-रे काढला. फिल्म फिक्सरमधून काढून ओलीच उजेडापुढे धरली, तर मुळाच्या खालच्या भागात एक बारीक, सरळ, पांढरी रेघ. तुटलेल्या फाइलचा तुकडा. ते गृहस्थ खुर्चीत आडवे, तोंडावर रबर डॅमचा पडदा, बोलता येत नव्हतं. माझा चेहरा बघून त्यांनी भुवया उंचावल्या: काय झालं?

तुकडा अडकलाय हे त्या मुलाला माहीत होतं. त्याच्या शिक्षकांनाही माहीत होतं. पेशंटला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कागदावर एक शब्द नव्हता. गुण कापले जातील म्हणून लिहिलं नाही, असं त्याने मला नंतर सांगितलं. पेशंटला अर्थातच वाटलं की फाइल माझ्याच हातून तुटली. माझ्या शिक्षकांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, तरी पुढच्या प्रत्येक भेटीला मी फाइल उचलली की त्यांचा खुर्चीच्या हातावरचा पंजा आवळला जायचा. ते मला अजून दिसतं.

तुमच्या चेकलिस्टवर त्या केसपेपरला २५ पैकी २४ गुण मिळाले असते.

आता कामाचं. हँडओव्हरचे बहुतेक साचे हॉस्पिटलच्या वॉर्डातून आलेले आहेत, आणि ते जसेच्या तसे आपल्या ओपीडीत आणले की अर्धे निरुपयोगी ठरतात. वॉर्डात पेशंट खाटेवर असतो, नर्स असते, काही बिघडलं तर तासाभरात कुणाच्या तरी लक्षात येतं. आपला पेशंट उठून घरी जातो. अर्धी राहिलेली दाढ दुखत नसेल तर तो महिनोन्‌महिने येत नाही, आणि तेवढ्या काळात तिच्याकडे बघणारं कुणी नसतं. तुमच्या त्या बाईंचं हेच झालं. त्यांची माहिती हरवली नव्हती, कागदावर सगळं होतं. ‘अमुक तारखेपर्यंत यांना बोलावलं नाही तर बिघडेल आणि बोलावण्याची जबाबदारी माझी’ हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

आय-पास नावाचा साचा तुम्हाला माहीत असेल: आजाराची तीव्रता, पेशंटचा सारांश, करायच्या कामांची यादी, काय बिघडू शकतं आणि तेव्हा काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने आपल्या शब्दांत उलट सांगणं. ९ बालरुग्णालयांतल्या १०,७४० भरतींवर त्याचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी. हँडओव्हरला लागणारा वेळ मात्र वाढला नाही, दर पेशंटमागे सुमारे अडीच मिनिटंच राहिली. वेळ नाही म्हणणाऱ्यांना हा आकडा जरूर दाखवा. पण हेही सांगा की तिथे नुसता फॉर्म वाटलेला नव्हता. प्रशिक्षण, सराव, शिक्षकांनी प्रत्यक्ष हँडओव्हर ऐकून लगेच दिलेला अभिप्राय, असं सगळं एकत्र केलं होतं.

हा साचा घ्या, पण पहिल्या खान्यात तीव्रतेऐवजी तारीख लिहायला लावा. प्रश्न असा: याला कधीपर्यंत पाहिलं नाही तर नुकसान होईल? मुळासकट निखळलेला दात परत बसवला असेल तर स्प्लिंट (दात शेजारच्या दातांना धरून ठेवणारा आधार) दोन आठवड्यांनी काढायचं असतं, आणि मुळाचं टोक बंद झालेलं असेल तर रूट कॅनलही दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजीच्या २०२० च्या सूचना हेच सांगतात. असा मुलगा बॅच बदलण्याच्या गडबडीत महिनाभर राहून गेला तर दात गमवायची वेळ येते. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं ड्रेसिंग आणि वरचं हंगामी भरण काही आठवडे तग धरतं, चार महिने नाही. क्राउनसाठी घासलेला दात हंगामी टोपीशिवाय राहिला तर शेजारचे आणि समोरचे दात सरकतात आणि घेतलेलं माप वाया जातं. उलट, सहा महिन्यांनी स्केलिंगला, म्हणजे दात साफ करायला, यायचं असलेला पेशंट दोन आठवडे उशिरा आला तर काही अडत नाही. विद्यार्थ्याला हा फरक सांगता आला पाहिजे, आणि तो सांगताना त्याला दाताच्या आजाराचा विचार करावाच लागतो. म्हणून मला हा खाना सगळ्यात प्रिय आहे. चेकलिस्टवर टिकमार्क करून तो भरता येत नाही.

दुसरी दुरुस्ती दाताच्या क्रमांकाची. नुसता आकडा कधीही चालवून घेऊ नका. एफडीआय पद्धतीत १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ, युनिव्हर्सल पद्धतीत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. एकच पद्धत वापरणाऱ्या विभागातही उजवं-डावं उलटं होतं, कारण आपण पेशंटकडे समोरून बघतो, आणि डिजिटल एक्स-रे स्क्रीनवरच्या चुकीच्या चौकटीत पडू शकतो. तेव्हा आकडा, शब्दांत दाताचं नाव आणि काम करण्याचं कारण, हे तिन्ही बोलायचं आणि दोघांनी मिळून तोच दात एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायचा. दहा सेकंदांचं काम आहे. दात काढायच्या पेशंटच्या बाबतीत तर मी त्याशिवाय सहीच करत नाही.

औषधांबद्दल एवढंच की जुनी यादी उतरवून घेणं म्हणजे हँडओव्हर नाही. मधल्या काळात हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट सुरू झालेलं असू शकतं, रक्त पातळ करणारी गोळी बदललेली असू शकते. वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या पेशंटचा दोन महिन्यांपूर्वीचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) दात काढताना उपयोगाचा नाही. तो आधीच्या २४ तासांतला हवा, आकडा नेहमी स्थिर असेल तर फार तर ७२ तासांतला. तेव्हा नव्या विद्यार्थ्याने काही गोष्टी पेशंटला पुन्हा विचारणं चुकीचं नाही, उलट काही पुन्हा विचारल्याच पाहिजेत. पेशंट वैतागतात ते प्रश्नांवर नाही. ‘तुम्हाला ॲलर्जी आहे का?’ असं कोऱ्या चेहऱ्याने विचारलं की त्यांना वाटतं, यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नाही. तेच ‘तुम्हाला पेनिसिलिनने अंगावर पित्त उठतं असं लिहिलंय, त्यानंतर आणखी कशाने त्रास झाला का?’ असं विचारलं तर चेहरा सैल पडतो. हे वाक्य विद्यार्थ्यांकडून मोठ्याने म्हणून घ्या.

आणि काही गोष्टी कुठल्याच खान्यात बसत नाहीत. माझ्याकडे एक आजी यायच्या, त्यांना ऐकू फार कमी यायचं. समोरच्याचे ओठ वाचून त्या सगळं समजून घ्यायच्या, इतक्या सफाईने की कुणाला संशयही यायचा नाही. आपण मास्क लावला की ओठ झाकले जातात. मग त्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलवायच्या. दुखतंय का? मान. बधिर झालं का? मान. पहिल्या विद्यार्थिनीला हे तिसऱ्या भेटीत उमगलं होतं. ती आधी मास्क खाली करून, जरा लांब बसून बोलायची आणि मग काम सुरू करायची. केस दुसऱ्याकडे देताना तिने ते सांगितलं नाही, कारण तोवर तिच्यासाठी ती माहिती राहिली नव्हती, सवय झाली होती. नव्या मुलाने पुरेसं बधिर होण्याआधीच दाढेला हात घातला.

अशा गोष्टी बाहेर काढायला मी एकच प्रश्न वापरते आणि तो देणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने विचारायचा असतो: ‘या पेशंटच्या बाबतीत तुला जे उशिरा कळलं, ते काय?’ ‘आणखी काही सांगायचंय?’ असं विचारलं तर ‘नाही, एवढंच’ असं उत्तर येतं. उशिरा काय कळलं असं विचारलं की माणूस थांबतो आणि आठवतो. कुणाला उलटीचा उमाळा येतो म्हणून माप घेताना खुर्ची उभी ठेवायची, कुणाचा दमा आहे म्हणून पूर्ण आडवं करायचं नाही, कुणाला मुलीसमोर दातांविषयी बोलायला संकोच वाटतो. हे सगळं या एका प्रश्नातून येतं.

शिकवण्याचं म्हणाल तर एक तासाचं लेक्चर काढून टाका. त्याऐवजी एक केसपेपर तयार करा, त्यात मुद्दाम चार विसंगती पेरा. उदाहरणार्थ, कागदावर खालची उजवी दाढ आणि एक्स-रे डाव्या बाजूचा. वर्किंग लेंथ (कॅनलमध्ये फाइल किती खोल न्यायची ते माप) लिहिली आहे पण दाढेच्या कुठल्या उंचवट्यावरून मोजली ते नाही. आधीच्या पानावर रक्त पातळ करणारी गोळी आहे, नंतरच्या पानावर नाही आणि बंद केल्याची नोंदही नाही. उपचाराची योजना ब्रिजची आहे, पण पेशंटची सही काढत्या दातांच्या योजनेवर. एक विद्यार्थी देणारा, एक घेणारा. देणाऱ्याला कागद वाचायला दहा मिनिटं, मग त्याने सोपवायचं. किती विसंगती पकडल्या गेल्या आणि कुणी पकडल्या ते बघा. माझ्या वर्गात बहुतेक वेळा घेणाऱ्याने पकडल्या आहेत, कारण त्याला उद्या तिथून काम सुरू करायचं आहे असं सांगितलेलं असतं. हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की, घेणाऱ्याने मान डोलवत ऐकून सही करायची ही समजूत गळून पडते. ताजी नजर म्हणजे चुका सापडण्याची संधी असते, आणि प्रश्न विचारणारा घेणारा हा हँडओव्हरमधला सगळ्यात कामाचा माणूस.

पण सरावाच्या खोलीतलं तिथेच राहतं. खरी अडचण वेगळी आहे आणि ती आपल्या व्यवस्थेतच आहे. आपले विद्यार्थी हँडओव्हर करतात तो निघून जाताना. त्यांच्या चुकांचं काय झालं हे त्यांना कधीच कळत नाही. ज्या कामाचा परिणाम करणाऱ्याला दिसत नाही, ते काम कुणी सुधारू शकत नाही. फिलिंग चुकलं तर पेशंट आठ दिवसांनी त्याच विद्यार्थ्यासमोर येऊन बसतो, म्हणून फिलिंग सुधारतं. तेव्हा तुम्हाला माझा सगळ्यात ठाम सल्ला हा आहे: वर्ष संपायची वाट पाहू नका. वर्षाच्या मध्ये, विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून, प्रत्येकाचा एक पेशंट एका भेटीपुरता दुसऱ्याकडे जाऊ द्या. पेशंटला आधी सांगून, त्याची परवानगी घेऊन. कॅनलमध्ये फाइल चालू असताना किंवा ब्रिजचं माप घ्यायच्या दिवशी नाही. स्केलिंगची पुढची भेट, नव्या कवळीची टोचणारी जागा घासणं, टाके काढणं, रिकॉल. भेट झाली की पेशंट मूळ विद्यार्थ्याकडे परत, म्हणजे उलट दिशेने दुसरा हँडओव्हर आपोआप घडतो.

त्या भेटीनंतर घेणाऱ्याने एक छोटी चिठ्ठी भरायची. मी तिला परतीची चिठ्ठी म्हणते. तिच्यात तीनच प्रश्न. तुला पेशंट आल्यावर फोन करून काही विचारावं लागलं का, आणि काय? माहिती नव्हती म्हणून काही पुन्हा करावं लागलं का, एक्स-रे, तपासणी, माप? पेशंटने तुला असं काही सांगितलं का, जे तुला आधीच माहीत असायला हवं होतं? चिठ्ठी देणाऱ्याच्या हातात जाते, तुमच्याकडे प्रत. देणारा आणि घेणारा त्याच दिवशी पाच मिनिटं समोरासमोर बसून ती वाचतात. तुमच्या २५ गुणांपैकी निदान १० या चिठ्ठीशी जोडा. पण चिठ्ठीत तक्रार आली म्हणून गुण कापू नका, नाहीतर मित्र मित्राच्या चिठ्ठ्या कोऱ्या ठेवतील. चिठ्ठी वाचून पुढच्या वेळी देणाऱ्याने काय बदललं, त्याला गुण द्या.

बाकीच्या गुणांसाठी ओस्कीमध्ये, म्हणजे स्टेशनवार घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत, एकमेकांना जोडलेली तीन स्टेशनं ठेवा. पहिल्या स्टेशनवर विद्यार्थी सोपवतो, दुसऱ्यावर तोच विद्यार्थी दुसरी केस घेतो, आणि तिसऱ्यावर त्याने घेतलेल्या केसचा ‘पेशंट’ येऊन बसतो. तिथे परीक्षक एवढंच बघतो: योग्य दात, योग्य पायरी, आणि पेशंटला पहिल्या दोन वाक्यांत आपण ओळखले जातोय असं वाटलं का. शेवटचा मुद्दा पेशंटची भूमिका करणाऱ्यालाच विचारा. हँडओव्हरच्या मूल्यमापनासाठी वैद्यकात हँडऑफ-सीईएक्स नावाचं साधन आहे, त्यात देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फॉर्म वेगळा असतो आणि प्रत्येक अंगाला १ ते ९ अशी श्रेणी. मांडणी, मजकूर, संवाद, निर्णयक्षमता, बोलण्याची जागा शांत होती का, अशी ती अंगं. चेकलिस्टपेक्षा अशी श्रेणी मला बरी वाटते, कारण चेकलिस्टवर पंचवीस गोष्टी एकाच सुरात वाचून दाखवणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात, आणि तीनच गोष्टी, पण नेमक्या, ठासून सांगणाऱ्याला कमी. श्रेणीखाली एक प्रश्न स्वतःला विचारा: या विद्यार्थ्याने सोपवलेला पेशंट मी न तपासता पुढे जाऊ देईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर वरच्या आकड्यांना अर्थ नाही.

आता जरा कठीण बोलते. गुणांची पद्धत बदलली नाही तर वरचं सगळं वरवरचं ठरेल. दोन गोष्टी विभागप्रमुखांकडून लेखी मिळवा. पहिली: हँडओव्हरमध्ये स्वतःहून कबूल केलेल्या अपघाताचे गुण कापले जाणार नाहीत. फाइल तुटली, कॅनलमध्ये लेज (पायरीसारखी खाच) झाली, मुळाला भोक पडलं, हे सांगितलं तर शून्य दंड. लपवलं आणि नंतर निघालं, तर त्या केसचे सगळे गुण गेले. पेशंटला सांगितलं की नाही हेही त्यातच. माझ्या त्या इंटर्नशिपच्या दिवसानंतर मी ज्या ज्या विभागात काम केलं तिथे या नियमासाठी भांडले आहे. एका ठिकाणी तो मान्य व्हायला दोन वर्षं लागली. दुसरी गोष्ट कोट्याची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने करायच्या ठरावीक केसची. कोटा फक्त पूर्ण झालेल्या केसचा मोजला तर विद्यार्थी सोप्या केस धरून ठेवतात, आणि अवघड, वेळखाऊ, पुन्हा पुन्हा यावं लागणारे पेशंट दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. घेणाऱ्यालाही ते ओझं वाटतं, म्हणून तो फोन करत नाही. जिथून जिथपर्यंत काम केलं तेवढं श्रेय दोघांना विभागून द्या. तुमच्या त्या बाईंना फोन न गेल्याचं एक कारण इथेही असू शकतं, ते त्या विद्यार्थ्याशी शांतपणे बोलून बघा.

वर्षअखेरीच्या मोठ्या हँडओव्हरसाठी थोडक्यात: सगळे पेशंट एकाच आठवड्यात सोपवू नका, निदान महिनाभर आधी सुरुवात करा. तारीख जवळ असलेल्या पेशंटना शक्यतो जुना विद्यार्थी, नवा विद्यार्थी आणि पेशंट असं तिघांना एकत्र भेटवा. पेशंटसमोर सोपवलं की पेशंटच दुरुस्त्या करतो. ‘नाही नाही, तो दात नाही, शेजारचा’ हे मी कितीतरी वेळा ऐकलंय. प्रत्येक पेशंटच्या कागदावर एका शिक्षकाचं नाव असू द्या, जो बॅच बदलली तरी बदलत नाही. पुढच्या तारखेला पेशंट आला नाही तर त्या शिक्षकाला कळलं पाहिजे. आणि व्हॉट्सॲपवर केसपेपरचे फोटो फिरवून हँडओव्हर झाला म्हणायची सवय मोडा. त्यात पेशंटचं नाव आणि आजार नको तिथे जातात आणि ‘बघितलं’ची निळी खूण म्हणजे समजलं असं कुणीही धरतं.

वरिष्ठ सहकाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना पुढच्या वेळी बोलवा आणि एक काम द्या: हँडओव्हर झाल्यावर केसपेपर मिटवून घेणाऱ्याला विचारायचं, ‘उद्या हा पेशंट आला तर पहिली गोष्ट काय करशील आणि का?’ असे पाच विद्यार्थी ऐकले की त्यांचं मत त्यांचं ते बनेल. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०१४ मध्ये नव्या डॉक्टरला पहिल्या दिवशी जमायलाच हव्यात अशा १३ कामांची यादी केली, तिच्यात पेशंट सोपवणं आणि घेणं हे आठवं काम आहे. त्यांना असं काही छापील लागत असेल तर हेही दाखवा.

त्या सूज घेऊन आलेल्या बाई अजून तुमच्याकडे येत असतील, तर त्यांना एकदा विचारा की मधल्या चार महिन्यांत त्यांना काय वाटत होतं: काम संपलं, की आपल्याला बोलावतील. त्यांचं उत्तर त्यांच्या परवानगीने, नाव न सांगता, विद्यार्थ्यांना वाचून दाखवा. आणि पहिल्या महिन्याच्या परतीच्या चिठ्ठ्या जमल्या की त्यांतला तिसरा प्रश्न भरलेल्या चिठ्ठ्या, नावं खोडून, मलाही पाठवा.

तुमची,
सदरलेखिका